दोन पेन्सांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीत मुलांबरोबर घरी पाहण्याजोग्या चित्रपटांची जी यादी प्रसिद्ध झाली, तिच्यात 'मेरी पॉपिन्स रिटर्न्स' या २०१८ च्या चित्रपटाची शिफारस आहे. तो १९६४ च्या मूळ 'मेरी पॉपिन्स'च्या तोडीस तोड असून आजच्या मुलांना मूळ चित्रपटापेक्षा तोच अधिक रुचेल, असे लेखात म्हटले आहे. शिफारशीबद्दल माझी तक्रार नाही. उत्तरभाग देखणा आहे, नेटका आहे आणि घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा असाच आहे. 'तोडीस तोड' हे मात्र मान्य होण्यासारखे नाही. माझी सारी नोकरी बँकेत झाली आणि या दोन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी एक बँक आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण दोहोंतला खरा फरक मला गाण्यांत किंवा अभिनयात दिसण्याआधी त्या बँकेच्या काउंटरवर दिसला.

ज्यांनी मूळ चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. काळ १९१० चा, शहर लंडन. चेरी ट्री लेनवरील सतरा क्रमांकाच्या घरात जॉर्ज बँक्स नावाचे गृहस्थ राहतात. आडनावही बँक्स आणि नोकरीही बँकेत. आपले घर आपल्या कचेरीसारखे वेळेवर आणि शिस्तीत चालले पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा. पत्नी स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत गुंतलेली, आणि जेन व मायकल ही दोन मुले त्यांना सांभाळायला आलेल्या बायांना एकामागून एक पळवून लावणारी. अशा घरात पूर्वेच्या वाऱ्यावर, उघड्या छत्रीचा दांडा धरून मेरी पॉपिन्स उतरते. ही भूमिका करणाऱ्या ज्युली अँड्रूज यांचा हा पहिलाच चित्रपट होता. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली फुलवाली, जी आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मध्ये भक्ती बर्वे यांनी अजरामर केली, ती अँड्रूज यांनी 'माय फेअर लेडी'च्या रूपाने ब्रॉडवेच्या रंगभूमीवर गाजवली होती. पण त्याचा चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका ऑड्री हेपबर्न यांना मिळाली. त्याच वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मात्र 'मेरी पॉपिन्स'साठी अँड्रूज यांच्याकडे आले. चित्रपटाला तेरा नामांकने होती आणि त्यांतली पाच पारितोषिके त्याने मिळवली.

हे सारे असले तरी कथा मेरी पॉपिन्सची नाही, आणि नीट पाहिले तर मुलांचीही नाही. ती जॉर्ज बँक्स यांची आहे. मुले खट्याळ आहेत ती वडिलांचे लक्ष वेधून घ्यावे म्हणून. आणि मेरी पॉपिन्स येते ती मुलांना शिस्त लावण्यासाठी आल्याचे सांगत असली, तरी जिला हात घालायचा ती गाठ वडिलांच्या मनात आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मोठ्या युक्तीने ती त्यांना गळी उतरवते की मुलांना एक दिवस आपल्याबरोबर बँकेत नेण्याची कल्पना मुळात त्यांचीच आहे.

बँकेतला तो प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी तो मला अधिक धारदार वाटतो. मायकलजवळ दोन पेन्स आहेत. सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या म्हातारीकडून दोन पेन्सांना दाण्यांची एक पुडी घ्यायची आणि ती पाखरांना घालायची, एवढे त्याच्या मनात आहे. वडिलांच्या मते ही पैशांची नासाडी. दोन पेन्स बँकेत ठेवावेत म्हणजे ते वाढतात. मग बँकेचे वयोवृद्ध अध्यक्ष मिस्टर डॉज आणि त्यांचे संचालक त्या मुलाला चक्क गाण्यातून समजावून सांगतात की त्याच्या ठेवीतून आफ्रिकेत रेल्वे धावेल, नाईलवर धरणे उभी राहतील, समुद्रावर जहाजे फिरतील आणि चहाचे मळे पिकतील. ते मळे कोणाच्या मुलखात होते, हे भारतीय प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. साम्राज्याच्या भांडवलाचा सगळा पसारा एका लहान मुलाच्या मुठीतल्या दोन नाण्यांसमोर इतक्या उत्साहाने मांडला जातो की हसता हसता अंगावर काटा येतो. अध्यक्ष ती नाणी हिसकावून घेतात, मायकल 'माझे पैसे परत द्या' म्हणून ओरडतो, काउंटरवरचे ग्राहक ते ऐकतात, बँक कोणाचे तरी पैसे परत देत नाही अशी कुजबुज सुरू होते आणि क्षणात ठेवी काढण्यासाठी झुंबड उडते. कारणे निराळी असली तरी ठेवीदारांच्या चेहऱ्यावरची ती धास्ती महाराष्ट्राने २०१९ साली एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा तिच्या शाखांबाहेरच्या रांगांत पाहिली आहे. चित्रपट विनोदी आहे, पण ते दृश्य लिहिणाऱ्याला बँक कशावर उभी असते हे पक्के ठाऊक होते.

त्या रात्री जॉर्ज बँक्स यांना बडतर्फ करण्यासाठी बोलावणे येते. अध्यक्षांच्या हातून परत हिसकावून आणलेले ते दोन पेन्स मायकल वडिलांच्या हातात ठेवतो आणि विचारतो की याने सगळे ठीक होईल का. मग अंधाऱ्या लंडनमधून ते एकटेच चालत जातात. कॅथीड्रलच्या पायऱ्यांपाशी क्षणभर थांबतात, तिथे आता ना म्हातारी असते ना पाखरे. बँकेत त्यांची छत्री उलटी केली जाते, कोटावरचे फूल कुस्करले जाते, टोपीला भोक पाडले जाते. आणि काही बोलायचे आहे का असे विचारल्यावर त्यांना खिशातली ती दोन नाणी लागतात, हसू फुटते, मुलांकडून ऐकलेला एक खुळचट विनोद ते संचालकांना ऐकवतात आणि ती नाणी अध्यक्षांच्या हातावर ठेवून, जपून ठेवा हं, असे बजावत नाचत बाहेर पडतात. डेव्हिड टॉमलिन्सन या नटाने हा बदल ज्या संयमाने दाखवला आहे, त्याची दाद त्या काळी पुरेशी दिली गेली नाही असे माझे मत आहे. या सगळ्या घटनाक्रमात मेरी पॉपिन्स कुठेच नाही. ना जादू, ना छत्री, ना गाणे. ज्या माणसाने बदलायचे तो आपल्या पायांनी चालत जाऊन बदलतो.

मूळ पुस्तकांच्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांचे वडील ऑस्ट्रेलियात बँकेत नोकरीला होते, व्यवस्थापकाच्या पदावरून त्यांना खाली आणले गेले आणि लेखिका अवघ्या सात वर्षांच्या असताना ते वारले. 'ट्रॅव्हर्स' हे त्यांनी घेतलेले आडनाव म्हणजे वडिलांचे पहिले नाव. हक्क मिळवण्यासाठी वॉल्ट डिस्ने यांना सुमारे वीस वर्षे या बाईंची मनधरणी करावी लागली, आणि चित्रपट झाल्यावरही त्यातले कार्टूनचे भाग त्यांना मुळीच आवडले नाहीत. त्यांचा राग कितपत रास्त होता हा वेगळा विषय आहे. बँकेने मोडलेल्या बापाची ही कहाणी उपरी नव्हती, एवढेच इथे सांगायचे आहे.

आता उत्तरभागाकडे वळतो. रॉब मार्शल दिग्दर्शित हा चित्रपट मूळ चित्रपटानंतर चोपन्न वर्षांनी आला. कथेत काळ पुढे सरकून १९३० च्या दशकातल्या मंदीपर्यंत आला आहे. मायकल आता तीन मुलांचा बाप आहे, चित्रकार आहे, आणि पोटासाठी वडिलांच्याच बँकेत अर्धवेळ रोखपालाचे काम करतो. त्याच्या पत्नीला जाऊन वर्ष झाले आहे. घरावर कर्ज काढलेले, तीन महिन्यांचे हप्ते थकलेले, आणि शुक्रवारच्या मध्यरात्रीपर्यंत संपूर्ण रक्कम भरली नाही तर घर जाणार. वडिलांनी बँकेचे भाग, म्हणजे शेअर, घेऊन ठेवले होते, पण त्या भागांचा दाखला सापडत नाही. पुन्हा छत्री उतरते.

या मांडणीत जी गोष्ट खरोखर नवी आहे, ती म्हणजे शोक. आणि जिथे जिथे चित्रपट त्या शोकापाशी थांबतो तिथे तो मूळ चित्रपटाच्या सावलीतून बाहेर येतो. माळ्यावर जुने सामान चाळताना मायकल गेलेल्या पत्नीशी गाण्यातून बोलतो, ते दृश्य साधे आणि खरे आहे. मायकल झालेल्या बेन विशॉ यांचा आवाज गायकाचा नाही, म्हणूनच तो तिथे शोभतो. हरवलेल्या गोष्टी कुठे जातात हे सांगणारे अंगाईगीत मेरी पॉपिन्स मुलांना ऐकवते आणि पुढे मुले तेच गाऊन वडिलांना धीर देतात. आई गमावलेल्या मुलांनी बापाला सावरावे ही कल्पना मूळ चित्रपटात नव्हती, आणि ती या चित्रपटाची सर्वांत मोठी कमाई आहे. एमिली ब्लंट यांनी अँड्रूज यांची नक्कल करण्याचे टाळले हेही चांगले केले. त्यांची मेरी पॉपिन्स अधिक तुटक, अधिक आत्मप्रौढ आणि पुस्तकातल्या बाईच्या अधिक जवळची आहे. चिनी मातीच्या भांड्यावरच्या चित्रात शिरण्याचा प्रसंगही पुस्तकांतूनच आलेला आहे. त्यातली सजीव चित्रे संगणकाच्या जमान्यात हाताने काढली आहेत आणि कलाकारांचे पोशाखही कुंचल्याने रंगवल्यासारखे दिसतील असे शिवले आहेत. त्या कारागिरीला मनापासून दाद द्यायला हवी.

परंतु या नव्या गाभ्याभोवती उभारलेली इमारत जुन्याच नकाशावर आहे. मूळ चित्रपटात धुराडी साफ करणारा बर्ट, इथे रस्त्यावरचे दिवे लावणारा जॅक. तिथे धुराडेवाल्यांचा छपरांवरचा नाच, इथे दिवेवाल्यांचा नाच, त्यात सायकलींची भर. तिथे हसून हसून छताला चिकटणारे अल्बर्टकाका, इथे जिचे घर ठरावीक बुधवारी उलटेपालटे होते ती टॉप्सी, मेरिल स्ट्रीप यांच्या अभिनयासकट. तिथे चित्रातली सहल, इथेही चित्रातली सहल. तिथे शेवटी पतंग, इथे शेवटी फुगे. एखाद-दुसरी आठवण जागवणे समजू शकते, पण जवळजवळ प्रत्येक गाण्यासमोर त्याचे मूळ गाणे उभे राहते, आणि अशी तुलना ओढवून घेतल्यावर नवे गाणे हरणारच. मार्क शेमन यांचे संगीत अभ्यासपूर्ण आहे; तरीही मूळ चित्रपटातली शर्मन बंधूंची गाणी एकदा ऐकून मुले दुसऱ्या दिवशी गुणगुणतात, ते या गाण्यांच्या बाबतीत घडत नाही. अंगाईगीत तेवढे अपवाद. चार ऑस्कर नामांकनांपैकी एक त्या गीताला होते. पारितोषिक एकही मिळाले नाही. पारितोषिकांवरून गुणवत्ता ठरत नाही, हे खरे. केवळ नोंद म्हणून लिहिले.

याहून गंभीर बाब खलनायकाची आहे. मूळ चित्रपटात खलनायक नाही. म्हातारे मिस्टर डॉजसुद्धा दुष्ट नाहीत. ते एका व्यवस्थेचे सुरकुतलेले रूप आहे, आणि जॉर्ज बँक्स यांनी ऐकवलेला विनोद उशिरा समजून ते हसत हसतच जगाचा निरोप घेतात. उत्तरभागात मात्र कॉलिन फर्थ यांनी साकारलेला विल्किन्स नावाचा अधिकारी आहे, जो ओठांवर गोड बोलणे ठेवून भागांची नोंद असलेले पान दडवतो, कारण त्याला घर गिळायचे आहे. एकदा असा लबाड अधिकारी उभा केला की बँक निर्दोष सुटते. मंदीच्या काळात हजारो घरांवर आलेली जप्ती हा व्यवस्थेचा प्रश्न न राहता एका माणसाच्या लबाडीचा प्रश्न होतो, आणि तो माणूस गेला की प्रश्नही मिटतो. शिवाय मायकलला बदलण्यासारखे काही उरत नाही. तो प्रेमळ बाप आहे, पहिल्यापासून आहे. तो फक्त अडचणीत आहे. म्हणून मेरी पॉपिन्सला इथे माणूस बदलण्याऐवजी संकट निवारावे लागते, आणि त्यासाठी ती स्वतः उडत जाऊन बिग बेनचे काटे पाच मिनिटे मागे सारते. जी बाई पूर्वी ऐन वेळी बाजूला होत असे, ती आता घड्याळाशी झटताना दिसते.

तेवढ्यानेही भागत नाही, कारण पतंगाला ठिगळ म्हणून लावलेला तो दाखला सापडतो पण त्यावरचा सह्यांचा भाग नसतो. मग थोरल्या डॉजचे चिरंजीव, आता स्वतःच म्हातारे झालेले, टेबलावर चढून नाचतात. ही भूमिका डिक व्हॅन डाइक यांची. मूळ चित्रपटात बर्ट आणि थोरले डॉज या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या होत्या, आणि नव्वदी ओलांडलेल्या त्या पायांची थाप ऐकून कोणाचेही डोळे पाणावतील. पण ते सांगतात काय? तर लहानपणी मायकलने वडिलांना दिलेले आणि वडिलांनी 'जपून ठेवा' म्हणून बँकेला दिलेले ते दोन पेन्स बँकेने हुशारीने गुंतवले, ते वाढले, आणि त्यातून आता घराचे सारे कर्ज फिटते.

बँकेतल्या माणसाला इथे कागद-पेन्सिल घेण्याचा मोह आवरत नाही. १९१० पासून पंचवीस वर्षे धरू. दरसाल ५ टक्के चक्रवाढीने दोन पेन्सांचे पावणेसात पेन्स होतात. १० टक्के धरले तर एकवीस-बावीस पेन्स, म्हणजे जुन्या चलनात पुरते दोन शिलिंगही नाहीत. त्या काळी २४० पेन्सांचा एक पौंड होत असे. दोन पेन्सांचा नुसता एक पौंड व्हायचा तरी पंचवीस वर्षे सलग दरसाल २१ टक्के परतावा लागेल, आणि त्या पंचवीस वर्षांत एक महायुद्ध आणि एक जागतिक मंदी येऊन गेली आहे. एका पौंडात लंडनमधले घर सुटत नाही. कल्पनारम्य चित्रपटात असे हिशेब करू नयेत, असे कोणी म्हणेल. छत्रीने उडण्याचा हिशेब मी मागत नाही, कारण ती जादू आहे असे चित्रपट सांगतो. ठेवीचा चमत्कार मात्र तो जादू म्हणून सांगत नाही. शहाणपणाच्या गुंतवणुकीचे फळ म्हणून सांगतो, आणि समोर बसलेल्या मुलांनी ते खरे मानावे अशी त्याची अपेक्षा आहे.

आकडे सोडून दिले तरी अर्थाचे काय करायचे? मूळ चित्रपटात ते दोन पेन्स बँकेत ठेवण्यास मायकलने नकार दिला होता आणि चित्रपट त्याच्या बाजूने उभा होता. वडिलांनी ती नाणी शेवटी अध्यक्षांना दिली हे खरे, उत्तरभागाच्या लेखकांनी तो धागा बारकाईने पकडला हेही खरे. पण ती ठेव नव्हती. नोकरी गमावलेल्या, टोपीला भोक पडलेल्या माणसाने हसत हसत टाकलेले ते दान होते, जवळजवळ टोमणा होता. उत्तरभागाने नाणी मोजून घेतली आणि ते हसू हिशेबातून वगळले. परिणामी चोपन्न वर्षांनी थोरल्या डॉजचेच म्हणणे खरे ठरले: पाखरांना दाणे घालण्यापेक्षा पैसे बँकेत टाकलेले बरे. बचतीचे महत्त्व मुलांना शिकवू नये, असे मी कशाला म्हणेन. आमच्या शाखेत शाळकरी मुलांची खाती उघडताना मीच ते सांगत असे. पण या कथेने आपल्याला दिलेले वचन ते नव्हते, आणि स्वतःच्या मूळ चित्रपटाचा निवाडा उलटा फिरवतो आहोत याची उत्तरभागाला जाणीवही दिसत नाही. जाणीवपूर्वक उलटा फिरवला असता, मायकल आणि वडील यांच्यातला मतभेद म्हणून तो मांडला असता, तर गोष्ट निराळी झाली असती.

मूळ चित्रपटाचा वेग आजच्या मुलांना संथ वाटेल, हा लेखातला मुद्दा मात्र ग्राह्य आहे. मूळ चित्रपट १३९ मिनिटांचा आहे आणि मधला चित्रातला भाग, पेंग्विन वेटरांसह, आजच्या मुलांना लांबलेला वाटू शकतो. बर्टच्या तोंडची लंडनची बोली इंग्रजांनी आजवर टिंगलीचा विषय केली आहे, आणि ती टिंगल योग्यच आहे. पण उत्तरभागही १३० मिनिटांचा आहे. फरक नऊ मिनिटांचा. त्याचा वेग वाटतो तो दर दहा मिनिटांनी काहीतरी घडत राहण्यामुळे, आणि त्याच घाईत मायकलच्या दुःखाला मिळायला हवा होता तो अवकाश जातो. जप्तीची मुदत, लबाड अधिकारी आणि घड्याळाची झटापट वगळून हा चित्रपट आईविना झालेल्या एका घराविषयी राहिला असता, तर मी हे पत्र कदाचित दुसऱ्या बाजूने लिहिले असते.

राहिली एक विनंती. मूळ चित्रपटातला बँकेचा भाग मुलांना कंटाळवाणा होतो म्हणून तो वगळून चित्रपट पाहावा, असा सल्ला आपल्या लेखात पालकांना दिला आहे. तो कृपया मागे घ्यावा. दोन्ही चित्रपट दाखवायचे असतील तर १९६४ चा आधी दाखवावा, बँकेतल्या गाण्यासह आणि रात्रीच्या त्या चालण्यासह पूर्ण दाखवावा, आणि उत्तरभागात म्हातारे डॉज टेबलावर चढून दोन पेन्सांची गोष्ट सांगू लागले की चित्रपट थांबवून मुलांना एवढेच विचारावे, की मायकलला त्या पैशांचे मुळात काय करायचे होते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली